बांधाकडचं टोमॅटोचं झाड

गेल्या हिवाळ्यात माझ्या टोमॅटोच्या एका झाडाला विचित्र फूल आलं. ते मी सगळ्यात आधी अक्कांना दाखवलं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. काटेवाडीत आमची दोन घरं एकाच रानात आहेत. वाटण्या झाल्या तेव्हा मध्ये बांध पडला. पलीकडे त्यांचा ऊस, अलीकडे आमचं परसदार. पण येण्याजाण्याला बांध कधी आडवा आला नाही. मी पिंपळीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. सकाळी मी निघाले की माझी दोन्ही मुलं अक्कांकडे जायची आणि संध्याकाळी मी परत येईपर्यंत तिथंच असायची. जेवण, अंघोळ, तापातलं उशाशी बसणं, सगळं त्यांनी केलं. माझा धाकटा कितीतरी वर्षं त्यांनाच आई म्हणायचा आणि मला नुसतं 'ए' म्हणून हाक मारायचा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटायचं.

निवृत्तीनंतर मी स्वयंपाकघरामागे टोमॅटो लावले. बारा रोपं, दोन ओळींत. शेवटचं रोप अगदी बांधाला टेकलेलं. डिसेंबरात थंडी वाढली आणि त्या शेवटच्या झाडावर ते फूल उमललं. टोमॅटोच्या फुलाला पाच-सहा पाकळ्या असतात. याला बावीस निघाल्या. तीन-चार फुलं एकमेकांत मिसळून गेल्यासारखं ते दिसत होतं, लहान झेंडूएवढं, आणि त्याचा देठ रिबिनीसारखा चपटा.

अक्का वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग हसल्या.

"जुळं-तिळं हाय गं ह्ये. ह्या देठाला पेलायचं न्हाय."

त्यांनी घरी जाऊन जुन्या लुगड्याची पट्टी फाडून आणली आणि ती फांदी काठीला बांधली. रोज सकाळी दात घासता घासता त्या बांधावर येऊन विचारायच्या, "काय म्हनतंय तुझं तिळं?"

आठ-दहा दिवसांनी झाडांवर पांढऱ्या माश्या दिसायला लागल्या. मी घरच्या घरी निंबोळीचा अर्क केला आणि पाठीवरचा पंप काढून फवारला. घराच्या बाजूनं सुरुवात करून अकरा झाडं केली. बारावं सोडलं. त्या मोठ्या फुलामागे नुकतीच गाठ धरली होती आणि फवाऱ्याच्या मारानं ती गळेल अशी मला भीती वाटली.

त्यानंतर आठवडाभरात झाडं बिघडली. शेंड्याची नवी पानं बारीक यायला लागली, कात्रीनं कातरल्यासारखी. देठ पिळवटले, शेंडे खाली वळले. जी फळं धरली होती ती लांबट होत गेली आणि टोकाला चोच फुटल्यासारखी दिसू लागली. बाराव्या झाडावरचं ते मोठं फळही आता मुठीएवढं झालं होतं. त्याला घड्या पडल्या होत्या, मधून टाक्यांसारखी तपकिरी शिवण गेली होती आणि एका बाजूला भोक पडून आतल्या बिया दिसत होत्या. ते बघून अंगावर काटा यायचा. मी आणि घरी येणारा प्रत्येक जण सगळ्यात आधी त्याच फळाकडे बघायचो. त्या झाडाची पानं कशी आहेत, हे कुणी बघितलं नाही. मीही नाही.

वस्तीवरचे एक वयस्कर शेतकरी डेअरीला दूध घालून परतताना थांबले. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी एक शेंडा तोडून हातात फिरवला.

"मास्तरीणबाई, ह्ये टू-फोर-डी हाय. उसातल्या तनाचं औषिद. टोमॅटोला त्याचं वारं बी सोसत न्हाय. शेजारी ऊस हाय न्हवं?"

शेजारी ऊस होताच. नवी लागवड होती, गुडघाभर आलेली. आणि काही दिवसांपूर्वी पाठीवर पंप घेतलेला एक माणूस अक्कांच्या उसात फिरताना मी स्वतः पाहिला होता. माझ्या डोक्यात हिशेब तिथल्या तिथं जुळला.

अक्कांना मी सरळ विचारायला हवं होतं. विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या बांधावर आल्या तेव्हा मी धुण्याचं निमित्त करून आत गेले. तिसऱ्या दिवशीही तसंच केलं. मग त्यांचं सकाळचं येणं थांबलं. त्या गप्प झाल्या म्हणजे त्यांच्या मनात खोट आहे, असा अर्थ मी काढला.

संक्रांतीनंतर मी दरवर्षी हळदीकुंकू करते. थोरले दीर गेले त्या वर्षापासून अक्कांना मी मुद्दाम बोलावते. पहिल्या वर्षी वस्तीवरच्या काही बायकांनी नाकं मुरडली होती. मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, माझ्या घरी नवरा असलेली आणि नसलेली असा भेद चालणार नाही. याचा मला अभिमान होता. शाळेत, नातेवाइकांत मी ते चार वेळा सांगितलंही असेल. यंदाही बोलावणं गेलं आणि अक्काही आल्या. दाराजवळच्या सतरंजीवर बसल्या.

दुपारची वेळ होती. दहा-बारा बायका होत्या. तिळगूळ वाटून झाला आणि कुणीतरी सहज विचारलं, "बाई, तुमच्या टोमॅटोला काय झालं म्हणं?"

मी आत गेले आणि ती वाकडी फळं ताटात घालून बाहेर आणली. मधोमध ते मोठं फळ ठेवलं. ताट हातोहात फिरलं. बायका "अगं बया" म्हणत तोंडावर पदर घेत होत्या. मी म्हणाले, "शेजारी तणनाशक मारलं की अशीच फळं यायची."

अक्कांनी मान वर केली. "मी औषिद न्हाय मारलं. बाया लावून खुरपून घेतलंय."

"पंप घेतलेला माणूस मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"पंप बघितलास. पंपात काय हुतं त्ये बघितलंस का? पान्यात विरघळायचं खत हुतं त्ये."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच मी जास्त चिडले असेन. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि ताट माझ्या हातात परत आलं होतं. मी म्हणाले, "पोटचा मुलगाच इकडं यायचं नाही म्हणून फोनवर साफ सांगतो, मग दुसऱ्याच्या दारातलं हिरवं डोळ्यांत खुपणारच."

अक्कांचा मुलगा पुण्याला असतो. वडिलांच्या वर्षश्राद्धालाही तो आला नव्हता. पाहुण्यांना अक्कांनी सांगितलं होतं की त्याला रजा मिळाली नाही. खरं काय ते त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, माझ्याच स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता: त्यानं फोनवर साफ सांगितलं होतं की मला आता तिकडं यायचंच नाही. ते सांगताना त्या रडल्या नव्हत्या. मेथीची जुडी मात्र त्यांनी देठासकट चिरून टाकली होती.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. वाण म्हणून दिलेली स्टीलची वाटी त्यांनी भिंतीच्या कडेला ठेवली. "येते मी," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. बांध ओलांडताना त्यांचा पाय घसरला. तोल सावरून त्या पुढे गेल्या. मी दारातून हे पाहिलं आणि जागची हलले नाही.

यजमान त्या वेळी बाहेर गेले होते. संध्याकाळी त्यांच्या कानावर गेलंच. ते फक्त एवढंच म्हणाले, "वहिनींना असं बोलायला नको होतंस." मी म्हणाले, "पुरावा आणून दाखवते."

खरोखरच पुरावा आणायला मी दोन दिवसांनी बारामतीला गेले. शेतकऱ्यांना सल्ला देणारं एक केंद्र आहे, तिथं. एका पिशवीत शेंडे, दुसरीत फळं. तिथली तज्ज्ञ मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिनं सगळं टेबलावर मांडलं, भिंग लावून पाहिलं आणि दोन ढीग केले. एका ढिगात ते घड्यांचं मोठं फळ एकटंच होतं.

"मॅडम, ही दोन वेगळी दुखणी आहेत," ती म्हणाली. "हे मोठं फळ थंडीमुळे झालंय. कडाक्याच्या थंडीत कळी तयार होताना कधीकधी अनेक फुलं एकत्र जुळतात, त्याचं असं फळ होतं. ते खाल्लं तरी चालेल. बाकीची झाडं मात्र तणनाशकानं गेलीत."

"तेच. शेजारच्या उसातून आलंय."

"असेल. मोठं फळ आलेलं झाड उसापासून किती लांब आहे?"

"ते सगळ्यात जवळ आहे. बांधालाच लागून."

"आणि त्याची पानं?"

मी पिशवी उलटीपालटी केली. त्या झाडाची पानं मी आणलीच नव्हती. डोळ्यांसमोर आणून बघितली. हिरवी, रुंद, नेहमीसारखी.

"चांगली आहेत," मी म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं. "मग वाऱ्यानं आलं नसावं. वाऱ्यानं आलं असतं तर सगळ्यात आधी तेच झाड गेलं असतं. तुम्ही घरी काही फवारलं होतं का? पंप कोणता होता? तणनाशकाचा पंप एकदा-दोनदा धुवून साफ होत नाही. त्यातलं थोडंसं राहिलेलंही टोमॅटोला पुरतं."

दिवाळीआधी यजमानांनी त्याच पंपानं तणनाशक फवारून घराभोवतीचं काँग्रेस गवत मारलं होतं. हे मला तिथं, त्या खुर्चीत बसून आठवलं. अकरा झाडं मी केली होती आणि बारावं सोडलं होतं, हेही आठवलं.

"आमचा पंप वेगळाच आहे," मी म्हणाले.

का म्हणाले कोण जाणे. त्या मुलीशी माझा काही संबंध नव्हता. ती अक्कांना ओळखत नव्हती. तिच्यासमोर खरं बोलून माझं काहीच जाणार नव्हतं. पण तोंडातून खोटंच आलं, आणि इतकं सरळ आलं की तिनं मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला.

परतीच्या एसटीत मी फळांची पिशवी सीटखाली ढकलली आणि उतरताना तिथंच ठेवली. घरी येऊन न्हाणीमागचा पंप उघडला. आत नाक घातलं. निंबोळीच्या वासाखाली दुसरा एक उग्र वास होता. यजमान मागे येऊन उभे राहिले.

"तुम्ही गवत मारल्यावर हा किती वेळा धुतलात?"

"एकदा. चांगला विसळला होता." ते म्हणाले, "तूही धुतलास ना?"

"एकदा."

मी पंपाचं झाकण लावलं. मग ते म्हणाले, "आता बोलून काय होणार? झालं ते झालं. आणखी शोभा नको."

मला हेच ऐकायचं होतं. मी लगेच हो म्हटलं. ती अकरा झाडं मी उपटून खड्ड्यात पुरली. बारावं राहू दिलं. त्याला पुढे चांगली गोल फळं लागली. ती मी शेजारीपाजारी वाटली, अक्कांकडे मात्र नेली नाहीत.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. अक्का उसाला पाणी द्यायला यायच्या तेव्हा मी खिडकीतून बघायचे. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यापासून त्यांच्या पाटापर्यंत हाक पोचते इतकं अंतर आहे. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. मनात वाक्यं तयार करायचे. शाळेत आयुष्यभर पोरांना चूक कबूल करायला लावली, कान धरून एकमेकांची माफी मागायला लावली. ते किती अवघड असतं हे त्या पोरांच्या चेहऱ्यांवर मी कधी वाचलंच नव्हतं. मग दूध उतू जायचं, फोन यायचा, दुपार व्हायची.

एप्रिलमध्ये अक्कांनी रान दुसऱ्याला वाट्यानं दिलं आणि त्या निरवांगीला लेकीकडे राहायला गेल्या. सामान न्यायला जीप आली होती. मी दारात उभी होते. त्यांनी घराला कुलूप लावलं, किल्ली यजमानांच्या हातात दिली आणि त्या बसल्या. माझ्याकडे बघून मान हलवली. रागानं नाही. बाजारात ओळखीच्या बाईकडे बघून हलवतात तशी.

त्यानंतर मला घरात करमेना. जेवण जाईना. मे महिन्यात एक दिवस, यजमानांना बहिणीकडे जाते असं सांगून, मी एसटी बदलत निरवांगीला गेले.

अक्का लेकीच्या अंगणात, कडुलिंबाच्या सावलीत खाटेवर शेवया वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी हात पुसले. पाणी आणलं, चहा टाकायला लेकीला सांगितलं. लेक आत गेली. मी चहा यायच्या आत बोलून टाकलं. पंप, गवत, बारामती, बारावं झाड, त्या मुलीशी बोललेलं खोटं. सगळं सांगितलं. अक्का शेवया सोडवत ऐकत होत्या.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"पंपाचं. भावजी येऊन गेलं मागंच. तू बारामतीस्नं आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हनलं, वैनी, चूक माजी हाय, पंप मी धुतला न्हाय नीट. रडलं बिचारं."

शोभा नको म्हणणारा माझा नवरा दुसऱ्याच दिवशी बांध ओलांडून गेला होता आणि दोष स्वतःवर घेऊन आला होता. आणि मी इकडे खिडकीत उभी राहून वाक्यं तयार करत होते.

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"मी काय बोलू? मी तुजी वाट बघत हुते. दोन म्हयनं बघितली." त्यांनी शेवयांचा एक पदर उलटा केला. "हितनं तितं, किती लांब हुतं गं?"

मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतला नाही, पण पाठीवर हातही ठेवला नाही. मी म्हणाले, "अक्का, माझं चुकलं. घरी चला. मी न्यायला आलेय."

"पंपाचं मी कवाच सोडलं," त्या म्हणाल्या. "झाडं काय, पुन्यांदा लावता येत्यात. पर माज्या पोराचं त्ये तुला मी इस्वासानं सांगितलं हुतं. तुज्याबिगर कुनाला म्हाईत न्हवतं. आता समद्या वस्तीला म्हाईत हाय. त्या दिसापासनं बाया मला इच्यारत्यात, पोरगा आला का, पोरगा आला का. म्हनून मी हितं आले. तुज्या टोमॅटूपायी न्हाय."

मी रडायला लागले. त्या उठल्या, आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. बशी माझ्यासमोर ठेवली. निघताना शेवयांची एक पुडी बांधून दिली. "धाकट्याला आवडत्यात," म्हणाल्या. घरी येण्याबद्दल मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ये म्हनू नगंस. मला जवा वाटंल तवा बघू."

रात्र व्हायच्या आत मी घरी पोचले. यजमान ओसरीवर बसले होते. मी कुठे गेले होते हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"काय सांगायचं? मी माझ्या चुकीपुरता गेलो होतो. तुझं तू जाशील असं वाटलं होतं." ते उठले, पायांत चपला घातल्या. "फार उशीर केलास गं," एवढंच म्हणाले आणि अक्कांच्या बंद घराला एक फेरी मारायला गेले.

त्या हळदीकुंकवाला आता वर्ष होत आलं. दर रविवारी सकाळी मी निरवांगीला फोन करते. अक्का फोन घेतात. पाऊस, नातवंडं, लेकीच्या म्हशी, गुडघ्याचं तेल, यावर बोलतात. आवाज गोड असतो. मी काही विचारलं तर उत्तर देतात. मला मात्र त्या काही विचारत नाहीत. पूर्वी पोटातलं सगळं सांगणारी बाई आता माझ्याशी तोलून मापून बोलते. हे मला प्रत्येक वाक्यात ऐकू येतं.

दिवाळीला मी पुन्हा धीर करून म्हटलं, "अक्का, येऊ का भेटायला?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "नगं म्हनत न्हाय. पर आत्ता घाई बी करू नगंस." आणि कुणीतरी हाक मारल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला.